काळीचा वाटा

ब्रह्मपुरी
६ नोव्हेंबर २०२४

डोमा,

पत्राच्या डोक्यावर धाकट्या भावाला आशीर्वाद लिहायची रीत आहे. आज हात होत नाही. पुढच्या खेपेला बघू.

तुझी काचेची पेटी पोचली. तुझा मेव्हणा आदेश, रीताचा भाऊ, पिकअपमधून घेऊन आला. तिच्याखाली गादी, बाजूंना उशा. पेटी उतरवून त्याने माझ्या बैठकीच्या कोपऱ्यात ठेवली आणि मला म्हणाला, "भाऊजीनं सांगितलं हाय, ईशान्येलेच ठेवाची." माझ्या ईशान्येला जाळी आणि मासळीची टोपली असते. ती त्याने पायाने सरकवली.

फोन केला तर तू बोलणं अर्धवट ठेवून देतोस, म्हणून कागद घेतला. कागद फाडायचा म्हटला तरी तुला हातात धरावा लागेल.

चार वर्षांनी तुला बहीण आठवली, ती या पेटीसाठी. चामोर्शीचं घर पाडून नवं बांधतो आहेस, तोवर मासोळ्या परक्याकडे ठेवायच्या नाहीत, रक्ताच्याच माणसाकडे ठेवायच्या, असं कोण्या नागपूरच्या वास्तुवाल्याने सांगितलं म्हणे. बरं झालं, रक्त तरी त्याने ओळखलं.

डोमा, मी मासळी विकणारी बाई आहे. मासळीचा वास मला वर्षानुवर्षं येत नाही, आपल्याच अंगाचा वास कोणाला येतो? पण तुझ्या पेटीचं झाकण उघडलं आणि मला ओकारी आली. हिरवं पडलेलं पाणी, तळाशी कुजलेले खाण्याचे दाणे, त्यावर पांढरी बुरशी, आणि त्या सगळ्यात रंगीत दगड आणि प्लास्टिकचा महाल. मेलेल्या मासळीचा वास मला चालतो. ही जिवंत मासळी आणि तिला मेल्याचा वास.

आत आठ लाल आणि एक काळी. लाल चांगल्या पोसलेल्या आहेत. काळीचे डोळे बाहेर आलेले, ती जातच तशी असते असं आदेश म्हणाला. पण शेपटी खराट्यासारखी फाटली आहे ती काही जात नव्हे. मी बघत असतानाच लालांतला सगळ्यात जाडा, ढोला, आला आणि तिच्या कुशीला चावा घेऊन गेला. मागे अजून दोन आले. ती कोपऱ्यात नाक खुपसून उभी. खायला टाकलं तेव्हा तर तिला पुढे येऊच दिलं नाही.

मी हात घालणार तोच आदेश ओरडला, "बाई, काळीले हात नोको लावजा! ते दिव्यानीच्या नावाची हाय."

नावाची म्हणजे काय, विचारलं तर चहा न पिता निघून गेला. म्हणून तुला विचारते. माझ्या भाचीच्या नावाची मासोळी म्हणजे काय? पोरीला काय झालं आहे?

आणि एक विचारते. दिव्यानीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी तू मला मांडवाच्या मागे नेऊन म्हणाला होतास, "बाई, उद्या दोनदा साबण लावून येजो. आन् कोनी विचारलं त मासळी विकतो म्हनून नोको सांगजो. कोरपन्याचे पाहुणे मोठे हायेत." मी तुझ्या घरचा घासही न घेता उठले होते, आठवतं? तुझ्या बैठकीत तेव्हा मासळीचा वास चालत नव्हता. आता मासोळ्या मखरात बसवल्यास. तळलेली ती हलकी आणि पोहते ती मोठ्या घरची, असं काही आहे का?

ही घाण घेऊन जा. घर होईपर्यंत सांभाळायची माझी इच्छा नाही.

गोकुळा

*

ब्रह्मपुरी
१२ नोव्हेंबर

डोमा,

तुझं उत्तर नाही, पण रीताचा फोन आला. तू बाहेर गेल्यावर केला असावा, हळू बोलत होती. तिने सगळं सांगितलं. सांगताना रडली, आणि मध्येच "तसा जावई स्वभावानं चांगला हाय" असंही म्हणाली. मग म्हणाली, "थोडासा हात उचलते, बाई."

थोडासा. हात थोडासा कसा उचलतात ते मला माहीत नाही. आपल्या बाबांनी आपल्या आईवर कधी उचलला नाही.

म्हणजे पोरगी कोरपन्यात मार खाते आहे, तू दोन वेळा तिला परत नेऊन सोडलंस, आणि तिसऱ्यांदा सोडण्याऐवजी वास्तुवाल्याकडे गेलास. त्याने सांगितलं, घरात आठ लाल आणि एक काळी ठेवा, काळी पोरीचं सगळं आपल्यावर ओढून घेईल. ती जेवढी फाटेल तेवढं पोरीचं कमी होईल. मेली तर पोरगी सुटली. आणि तू, इतवारी ढिवराचा मुलगा, कचेरीतला बाबू, दुकानात जाऊन मासोळी घेऊन आलास. चावून घेण्यासाठी.

मारणाऱ्या प्रणितची शिसारी आली ती आलीच, पण तुझी जास्त आली. तो हाताने मारतो. तू घरी बसून काचेतून बघत होतास, अजून किती फाटली म्हणून.

आपण मासे मारून जगलो, डोमा. माझ्या विळ्याखालून गेलेल्या मासळीचा हिशोब देवाकडेही नसेल. मला मासोळीची दया येते म्हणून मी हे लिहीत नाही. मारायची आणि खायची, यात मला कधी पाप वाटलं नाही. पण कुरतडून घ्यायला पाळायची हे आपल्यात कोणी केलं नाही.

तुला तलावाच्या पाळीवरचे वाटे आठवतात का? मच्छीमार संस्थेचं जाळं बाहेर आलं की जितकी घरं तितके वाटे मांडायचे. बाबा वाट्यांकडे पाठ करून उभे राहायचे. दुसरा कोणी एकेका वाट्यावर काडी ठेवून विचारायचा, "हा कोनाचा?" बाबा न बघता नाव घ्यायचे. ज्याचं नाव त्याचा वाटा, मग कुरकुर नाही. पण त्याच्याआधी काय करायचे? कासवाने तोडलेले, जाळ्यात फाटलेले मासे आधी वेगळे काढायचे आणि एकेक करून सगळ्या वाट्यांत टाकायचे. बाबा म्हणत, "फाटलेलं सगळ्याइत वाटाचं. एकाच्याच पदरात नाई टाकाचं." तू तेव्हा काडी ठेवायला धावायचास.

आता तू सगळं फाटकं एकीच्या वाट्याला टाकलंस. आधी पोरीच्या, मग मासोळीच्या. स्वतःचा वाटा मात्र स्वच्छ.

काळीला मी बाहेर काढलं. हो, हात लावला. आदेशला सांग.

तेही सोपं नव्हतं. माझ्या हाताला मासोळी धरायची एकच पद्धत माहीत आहे, कल्ल्यात बोट घालून, सुटू नये म्हणून. मी तशीच धरायला गेले आणि माझ्याच हाताची मला किळस आली. शेवटी भात वाढायच्या पसरट वाटीने पाण्यासकट उचलली. धुण्याच्या टबात ठेवली. एका डोळ्यावर साय आली आहे. कुशीवर खवले नाहीत, तिथे कापूस चिकटल्यासारखी बुरशी वाढली आहे आणि ती पाण्यात हलते. जेवताना ते आठवतं.

मग मी एक मूर्खपणा केला. नळाचं पाणी मेलेलं, मासोळीला तलावाचं पाणी पाहिजे, असं वाटून गावच्या तलावातून दोन कॅन भरून आणले. ढिवराची अक्कल. दुसऱ्या दिवशी बघते तर तिच्या पाठीवर चपटी, काचेसारखी ऊ चालते आहे. मासोळीला उवा होतात हे मला माहीत होतं, पण आपण कधी जवळून बघतो का? भुवया उपटायच्या चिमट्याने काढल्या. एकेक काढताना काळी हातात थरथरत होती. सगळं पाणी फेकलं. नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवून मग घातलं.

बाजारात इसरूभाऊ माझ्या शेजारी बसतात, त्यांना विचारलं. ते हसून हसून खोकले. म्हणाले, "बाई, तुमाले म्हातारचळ लागला का? आपुन मासोळीले मसाला लावतो, दवा नाई लावत!" सगळी ओळ हसली. मी पण हसले. मग मलाच आठवलं, बाबा वैनगंगेवरून माशांचं जिवंत बीज आणताना मडक्यात चिमूटभर खडे मीठ टाकायचे. तेच करते आहे. रोज थोडं पाणी बदलायचं, थोडं मीठ.

आज तिने एक दाणा खाल्ला आणि थुंकला. मग परत खाल्ला.

दिव्यानीला आण, डोमा. वास्तुवाल्याला विचारू नकोस.

गोकुळा

*

ब्रह्मपुरी
१९ नोव्हेंबर

डोमा,

काल तू फोनवर जे बोललास ते मी इथे लिहून ठेवते. उद्या तू नाही म्हणशील.

"बाई, तू काळी बाहेर काढली का?"

"काढली."

"काऊन काढली? सांगितलं होतं ना हात लावू नोको म्हनून!"

"सडून राह्यली होती रे."

"सडू दे ना! सडाले त आनली हाय!"

आणि मग तू रडायला लागलास. म्हणालास, "इकडे मासोळीले लागे तिकडे पोरीचं कमी होये. दिव्यानी सोता फोनवर सांगे, बाबा, आता नाई मारत. तू काडली आन् पोरीचा हात मोडला. तुनं मोडला तिचा हात, बाई! तुनं!"

मी घाबरले. आता वाचून तुला बरं वाटेल म्हणून लिहीत नाही, झालं ते लिहिते. माझा यावर विश्वास नाही. तरी फोन ठेवल्यावर मला राहवलं नाही. पोरीला मी अंगावर खेळवलं आहे. मी टबाशी गेले, वाटीने काळीला उचललं आणि पेटीत सोडलं. म्हटलं, असेल नसेल, माझ्या हट्टापायी पोरीचं हाड कशाला.

आठही जण टपूनच होते. मी पाठ वळवायच्या आधी ढोल्याने तिचा सायीचा डोळा उपसून काढला. तो डोळा तोंडात घेऊन तो महालाच्या मागे गेला आणि बाकीचे त्याच्या मागे लागले. डोळ्यासाठी.

परत बाहेर काढली. जगेल की नाही माहीत नाही.

तू आता मला काही दिवस फोन करू नकोस.

गो.

*

ब्रह्मपुरी
२७ नोव्हेंबर

डोमा,

काळी जिवंत आहे. डोळ्याची खोबण अजून लाल आहे, पण घाण वास येत नाही. एका अंगावर कलून पोहते.

ढोल्याला मी वेगळ्या बादलीत टाकून बघितलं. वाटलं, हा एकटाच हरामखोर आहे, हा गेला की बाकीचे गरीब. काळीला पेटीत सोडलं नाही, नुसतं काचेच्या भांड्यात घालून पेटीत तरंगत ठेवलं. दुसरा एक लाल, इतके दिवस मागे मागे राहणारा, भांड्यावर धडका द्यायला लागला. त्या पेटीतल्या सगळ्यांना तिला चावायची सवय झाली आहे. ढोला गेला तर दुसरा ढोला होतो. तेव्हा मी भांडं बाहेर काढलं आणि चुलीशी बसून ठरवलं की कोरपन्याला जायचं.

शेजारणीला काळीचं मीठपाणी समजावून दिलं आणि पहाटेच्या गाडीने निघाले. चंद्रपूरला गाडी बदलली. पुढे सिमेंटचे ट्रक, आणि झाडांची पानं राखाडी. तू त्या घरात दोनदा गेलास, मी पहिल्यांदाच. घर मोठं आहे, खरं आहे. अंगणात कापसाचा ढीग, दारात गाडी. पाहुणे मोठे आहेत, तू बरोबर सांगितलं होतंस.

प्रणित वाकून पाया पडला. केसांना सुगंधी तेल, हात ओले आणि मऊ. "आत्याबाई, कधी येतच नाही तुम्ही," म्हणाला. माझ्या पायाला त्याची बोटं लागली तिथे मला दिवसभर काहीतरी चिकटल्यासारखं वाटत होतं.

दिव्यानी चहा घेऊन आली, एका हाताने. दुसऱ्याला प्लास्टर. तिची सासू लगेच म्हणाली, "अंगनात घसरली." मी प्लास्टरकडे बघितलं. डोमा, ते काळं पडलेलं होतं. कडेने सुटलेलं, त्यावर हळदीचे आणि फोडणीचे जुने डाग. आठ-दहा दिवसांत प्लास्टर इतकं मळत नाही.

सासू आमच्याजवळून हलेना. मी काहीही विचारलं की उत्तर सासू द्यायची. मग मी म्हटलं, मला संडासला जायचं आहे. तो घरामागे आहे, दाखवायला सुनेला पाठवावंच लागलं. तिथे, संडासाच्या दाराशी, तुझी मुलगी माझ्याशी बोलली. त्या वासात. दुसरी जागा तिला त्या घरात नाही.

पहिलं काय विचारलं असेल? "आत्या, काळी जित्ती हाय का?"

"हाय," म्हटलं. "एक डोळा गेला."

ती भिंतीला टेकली. मी विचारलं, "हात कधी मोडला?"

"दिवाईच्या आधीच. बाबाले नाई सांगितलं. मंग आदेशमामा इकडे आले, त्याइनं पाह्यला. बाबाचा फोन आला त मी म्हटलं, कालच घसरली."

"दिवाळीच्या आधी? आन् बापाले त तू सांगे, कमी झालं म्हनून?"

"मीच सांगो, आत्या. बाबानं मासोळ्या घेतल्या ना, त इतक्या खुशीत होते! रोज फोन करत, आज कमी झालं का, आज कमी झालं का. मी म्हनो, हो बाबा, कमी झालं. बाबा तिकडे रडे खुशीनं. मंग कसं सांगू का काईच कमी नाई झालं?"

हे शब्द मी गाडीत मनात घोकत आले, एकही बदलू नये म्हणून. परत वाच. तुझ्या काळीने तिचं काहीही ओढून घेतलं नव्हतं. ती तुझ्याच घरात, तुझ्या डोळ्यांसमोर फाटत होती तेव्हाच इकडे तुझ्या मुलीचं हाड मोडलं. आणि मोडलेला हात पोटाशी धरून ती तुला फोनवर सांगत होती की बाबा, कमी झालं. तुझं मन राखायला. तुम्ही दोघंही तिच्याकडूनच घेत होतात, तो एक आणि तू एक.

तुझ्यावर रागवावं असं त्या वेळी वाटलंच नाही. नुसती घाण वाटली, सगळ्या अंगाला.

घरात येऊन मी सासूला म्हटलं, "पोरीले मंडईले नेतो."

तुला माहीत आहे, आपल्या झाडीपट्टीत भाऊबीजेनंतर गावोगाव मंडई भरते, लेकी माहेरी येतात, नाटकं होतात. मंडईचं आवतण आलं तर सासर नाही म्हणत नाही, म्हटलं तर नाक कापल्या जाते. सासू म्हणाली, "असा हात घेऊन कायले जाते?"

मी म्हटलं, "मंडईत हाताचं काय काम, बाई? नाटक त डोळ्यानं पाहाचं असते."

प्रणित हसला. आईला म्हणाला, जाऊ दे, चार दिवसांत येते. त्यानेच आम्हाला मोटारसायकलवर स्टँडवर सोडलं, मध्ये तिला, मागे मला बसवून. मला त्याच्या पाठीशी पोरगी बसलेली बघवत नव्हतं. गाडी सुटेपर्यंत तो हात हलवत उभा होता.

चंद्रपूरच्या पुढे गेल्यावर दिव्यानीने पिशवीतून भाकर काढली आणि खाल्ली. एकटीने, सगळी. मला विचारलंही नाही. मला फार बरं वाटलं.

ती इथे आहे. माझ्या खाटेवर झोपली आहे.

गोकुळा

*

ब्रह्मपुरी
१५ डिसेंबर

डोमा,

तुझे फोन येऊन राहिले आहेत, मी उचलत नाही. दिव्यानीने एकदा उचलला, तर तू तिला म्हणालास, "मंडई झाली, आता जाय बेटा, लोक काय म्हनतीन." फोन ठेवून ती काळीच्या टबाशी जाऊन बसली. मी मागून विचारलं तेव्हा सांगितलं.

आधी तुझ्या मासोळ्यांचं. काळी बरी झाली. खोबण भरून आली, तिथे आता नुसती कातडी आहे. शेपटीला पातळ, पारदर्शक नवं पान फुटलं आहे. थंडीमुळे वेळ लागला. दिव्यानी एका हाताने पाणी बदलते, मी मीठ टाकते. खायला टाकलं की काळी चांगल्या डोळ्याकडून गिरकी घेऊन येते. दिसायला अजूनही कुरूप आहे, मला काही तिचा लळा लागलेला नाही. तिच्यात कोणाचंही काही नाही, तिच्यात तिचंच आहे.

पोरीचं प्लास्टर निघालं. हात थोडा वाकडा जुळला आहे. डॉक्टर म्हणाले, वेळेवर नीट बसवला नाही. तिच्या पाठीवर काय आहे ते मी आंघोळीच्या वेळी बघितलं. ते मी लिहिणार नाही. बापाला बघायचं असेल तर त्याने येऊन बघावं. उद्या आम्ही पोलिस ठाण्यात जाणार आहोत, दिव्यानी आणि मी. तिने स्वतः ठरवलं, मी फक्त विचारलं, की जायचं का?

परवा प्रणित आला होता. तेच तेल, तेच पाया पडणं. मी दारातच टोपली घेऊन बसले होते, मासे साफ करत. तो म्हणाला, "आत्याबाई, तिले पाठवा, आता असं नाई होनार." मी म्हटलं, "बस ना, पाहुणे." बसायला जागा नव्हती, सगळीकडे आतडी आणि खवले. त्याने नाकाला रुमाल लावला आणि उभ्याउभ्याच बोलला. दिव्यानी आतून आली, माझ्या बाजूला पाट घेऊन बसली, एक मासा उचलला आणि खवले काढायला लागली. वाकड्या हाताने. त्याच्याकडे बघितलंच नाही. त्याच्या पँटवर खवले उडत होते. थोड्या वेळाने तो गेला.

डोमा, तुला राग येईल, पण त्या दिवशी मी मोठ्याने हसले. साबण लावून जे कधी झालं नसतं ते वासाने झालं.

आता तुझा प्रश्न. तू रीताकडून विचारतोस की पोरगी माहेरी बसली तर लोकांचं बोलणं कोण सोसणार, नव्या घराची वास्तुशांत कशी करायची, पाहुण्यांना काय तोंड दाखवायचं. कोणीतरी सोसायला पाहिजे हे तुझं म्हणणं मला मान्य आहे. वास्तुवाल्याचं तेवढं एक बरोबर होतं.

म्हणून काल आम्ही वाटे केले. दिव्यानीला बाबांची रीत माहीत नव्हती, मी शिकवली. अंगणात पाठ करून उभी राहिले. तिने काडी ठेवून विचारायचं, मी न बघता नाव घ्यायचं.

तिने विचारलं, "मीठपानी, टब आन् काळी. हा कोनाचा?" मी म्हटलं, गोकुळाचा.

"खाट, रजई आन् बाजारातली अर्धी जागा. हा कोनाचा?" दिव्यानीचा.

मग ती थांबली. मला वाटलं वाटे संपले. मागे वळणार तर ती हळूच म्हणाली, "आत्या, एक राह्यला. लोक काय म्हनतीन ते. पोलिसात जाऊन नाव सांगाचं ते. पाहुण्याचं तोंड. हा कोनाचा?"

मी म्हटलं, डोमाचा.

आदेश आज पेटी न्यायला येतो आहे, हे पत्र त्याच्याच हाती देते. तुझे आठही लाल तिच्यात आहेत, पाणी बदललं आहे, काच घासली आहे, महाल धुतला आहे. नववीची जागा रिकामी आहे. वास्तुवाल्याला विचारून दुसरी काळी आणून टाकायची असेल तर तुझी मर्जी. पण ढोला आता रिकाम्या कोपऱ्यावरही धडका देतो, ते एकदा शांतपणे बसून बघ.

पहिल्या पत्रातला आशीर्वाद राहिला होता. तो अजूनही निघत नाही, खोटा कशाला लिहू? पण दार लावलेलं नाही. उद्या ठाण्यात पोरीच्या बाजूला एक बाप उभा असला तर तिला बरं वाटेल. ती सकाळपासून दोनदा रस्त्याकडे बघून आली आहे.

उद्या जमलं नाही तर आठवडी बाजारात ये. मासळीच्या ओळीत, इसरूभाऊंच्या शेजारी, आम्ही दोघी बसलेल्या असतो. विचारत आलास तर कोणीही दाखवेल. नाकाला रुमाल लावून आलास तरी चालेल.

तुझी बहीण,
गोकुळा